सूचना फलकावरची शेवटची तारीख कुणाची असते?

हिवाळी परीक्षेचे फॉर्म सुटतात तेव्हा विदर्भातल्या वावरात सोयाबीन सोंगायला आलेलं असतं. उन्हाळी परीक्षेचं वेळापत्रक लागतं तेव्हा गडचिरोली-गोंदियाकडे मोहफुलं वेचून होत आलेली असतात आणि तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर असतो. विद्यापीठाचं कॅलेंडर पीकपाणी बघून ठरत नाही. त्यामुळे तालुक्याच्या कॉलेजात फॉर्म राहून जातो त्याचं कारण दरवेळी आळस नसतं. त्यात फलकावर ठळक अक्षरात लिहिलेली ‘अंतिम तारीख’ बहुतेक वेळा विद्यार्थ्याची नसतेच. ती कॉलेजने विद्यापीठाकडे काम पोहोचवण्याची असते. विद्यार्थ्याची तारीख तिच्या आधी कुठेतरी असते, आणि ती बऱ्याचदा कुणी लिहून लावत नाही.

परीक्षा फॉर्मचं परिपत्रक पूर्ण वाचलं तर हे लगेच दिसतं. त्यात एक तक्ता असतो: विद्यार्थ्याने ऑनलाइन फॉर्म भरायचा कालावधी, कॉलेजने तो तपासून मान्य करायचा कालावधी, आणि कॉलेजने शुल्क व याद्या जमा करायची तारीख. त्याखाली हाच क्रम विलंब शुल्कासह पुन्हा, आणि कधी अतिविलंब शुल्कासह तिसऱ्यांदा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मात्र फोटो फिरतो तो शेवटच्या ओळीचा. तो पाहून पोरगं निवांत राहतं, आणि कॉलेजात पोहोचतं तेव्हा बिनविलंबाची खिडकी बंद झालेली असते.

परिपत्रक आपल्याच विद्यापीठाचं आहे ना, हेही आधी बघायचं. विनोद वाटेल, पण दोन विद्यापीठांच्या सीमेवरच्या तालुक्यांत हा घोळ नेहमीचा. नागपूर विद्यापीठाकडे नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे. अमरावतीकडे अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि बुलडाणा. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ पासून गोंडवाना विद्यापीठात. आता वणीचं पोरगं बघा. बाजाराला, दवाखान्याला, क्लासला ते चंद्रपूरला जातं, मित्र तिकडचे, ग्रुप तिकडचे. पण वणी यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे त्याचं विद्यापीठ अमरावती. आर्वीचं उलटं: अमरावती जवळ, विद्यापीठ नागपूर. दोन्ही ठिकाणी ‘हिवाळी परीक्षा फॉर्मला मुदतवाढ’ असा मेसेज येतो तेव्हा ती मुदतवाढ शेजारच्यांची असू शकते.

म्हणून चार गोष्टी बघा. वरचं विद्यापीठाचं नाव, जावक क्रमांक आणि दिनांक, सत्राचं नाव, आणि खाली सही कुणाची. परीक्षेचं परिपत्रक असेल तर सही संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ यांची किंवा त्यांच्या वतीने. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यापासून ‘परीक्षा नियंत्रक’ हे पद या नावाने ओळखलं जातं. सर्वसाधारण प्रशासनाची पत्रं कुलसचिवांच्या सहीने निघतात. जावक क्रमांक नसलेला, नुसता मजकूर टाइप केलेला मेसेज आला तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ते पत्र सापडेपर्यंत तो खरा धरू नका. आणि ‘सुधारित’ किंवा ‘शुद्धिपत्रक’ असा शब्द दिसला तर आधीचा कागद बाद झाला असं समजा. एकाच विषयाची तीन पत्रं फलकावर एकावर एक टाचलेली असतात, त्यात वरचंच नवीन असेल असं नाही.

परीक्षा फॉर्म: चुका कुठे होतात

फॉर्म भरायला दहा मिनिटं लागतात, दुरुस्तीला दहा दिवस. सगळ्यात जास्त चुका विषय निवडण्यात होतात. नवीन शैक्षणिक धोरणानुसार संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय), कौशल्य अभ्यासक्रम अशी रचना आली. पोर्टलवर विद्यापीठाने मंजूर केलेले ओपन इलेक्टिव्ह सगळेच्या सगळे दिसू शकतात, कॉलेजात मात्र त्यातले दोन-तीनच शिकवले जातात. यादीत नाव दिसलं म्हणून टिचकी मारली, की ज्या पेपरचा एक तासही झाला नाही तो हॉल तिकिटावर येतो. फॉर्म भरताना कॉलेजचं वेळापत्रक शेजारी ठेवा आणि विषयाच्या नावापेक्षा विषयाचा कोड जुळवा. नावं सारखी असतात, कोड नसतात.

मागचे विषय राहिले असतील तर प्रत्येक सत्राचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. जुन्या अभ्यासक्रमाचा बॅकलॉग आणि नव्या अभ्यासक्रमाचं चालू सत्र असेल तर विशेष जपा. दोन्ही फॉर्म भरल्याशिवाय दोन्ही पेपर हॉल तिकिटावर येत नाहीत. एक फॉर्म भरून ‘झालं’ म्हणणारे दर सत्राला निघतात.

नावाचं स्पेलिंग बारावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे ठेवा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. क्रम वेगळा असला तर फारसं अडत नाही, पण अक्षर वेगळं असलं की अडतं. एबीसी म्हणजे ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, विद्यार्थ्याने मिळवलेले क्रेडिट (श्रेयांक) जमा होतात ते ऑनलाइन खातं. त्याचा बारा आकडी क्रमांक डिजिलॉकरमधून आधारच्या माहितीवर तयार होतो. विद्यापीठाच्या नोंदीतलं नाव, जन्मतारीख किंवा लिंग आधारशी जुळलं नाही की क्रेडिट खात्यात चढत नाहीत आणि हे तिसऱ्या वर्षी कळतं. पहिल्या सत्रातच जुळवून घेतलेलं बरं. आधारला मोबाईल नंबर जोडलेला नसेल तर ओटीपीच येणार नाही, म्हणजे पहिली चक्कर आधार केंद्राची.

पैसे भरताना खात्यातून कटले पण पावती निघाली नाही, असं शेवटच्या दोन दिवसांत हमखास होतं. लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी बारा आकडी यूटीआर क्रमांक (पैसे भरल्याच्या व्यवहाराचा क्रमांक) वहीत लिहून घ्या, स्क्रीनशॉट ठेवा, आणि पोर्टलवर पुन्हा लॉगिन करून व्यवहाराची स्थिती बघा. काही तासांनी पावती आपोआप दिसायला लागणं नेहमीचंच. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार यूपीआयने दुकानदाराला किंवा संस्थेला केलेला व्यवहार अडकला तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत पैसे परत यायला हवेत. पण पाच दिवस थांबायला हाताशी पाच दिवस असावे लागतात, आणि शेवटच्या दिवशी फॉर्म भरणाऱ्याकडे ते नसतात. त्याला नाइलाजाने दोनदा भरावे लागतात.

यावरून आमचा साधा हिशेब असा: फलकावरच्या तारखेतून आठ दिवस वजा करा. दोन दिवस पोर्टल मंदावतं म्हणून, दोन कॉलेजने फॉर्म परत पाठवला तर दुरुस्तीसाठी, एक-दोन रविवार आणि सणाचे, उरलेले पैशांच्या गोंधळासाठी. भामरागड, सिरोंचा, धारणीकडच्यांनी आणखी चार धरावेत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि प्रवेशाची, शिष्यवृत्तीच्या कागदांची धावपळ नेमकी जुलै-ऑगस्टातच असते. असा खंड पडला तर कॉलेजने तहसील कार्यालयाचं पत्र जोडून विद्यापीठाकडे मुदतवाढ मागावी. विद्यार्थ्याने एकट्याने अर्ज केला तर तो टेबलावर पडून राहतो.

शिष्यवृत्ती: फॉर्म शेवटी, कागद आधी

महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, फॉर्म भरायला बसणं ही शेवटची पायरी आहे. लोक तिथून सुरुवात करतात आणि अडकतात. पोर्टल सुरू झाल्याची सूचना लागायची वाट न बघता जूनमध्येच कागद गोळा करायला लागा.

पहिला कागद उत्पन्नाचा दाखला. आधी तलाठ्याचा उत्पन्न अहवाल, मग सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून अर्ज, मग तहसीलदारांची डिजिटल सही. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून मागच्या वर्षीचा दाखला हातात आहे एवढ्यावर विसंबू नका; त्यावर छापलेली मुदत वाचा. जून-जुलैत अख्ख्या तालुक्याचे अर्ज एकदम पडतात. एप्रिल-मेमध्ये गर्दी नसते, तेव्हा काढलेला दाखला नव्या शैक्षणिक वर्षाला चालतो. सेतूसमोर कुणी प्रतिज्ञापत्रासाठी स्टॅम्प पेपर घ्यायला सांगितलं तर घेऊ नका. जात, उत्पन्न, अधिवास या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर काम होतं. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाला जिथे नॉन क्रीमी लेअर लागतं तिथे तेही याच फेरीत उरका. अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही, तरी दरवर्षी कुणी ना कुणी त्यासाठी रांगेत उभं राहिलेलं दिसतं.

दुसरी गोष्ट बँक, आणि पैसे अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. महाडीबीटीचे पैसे तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खाते क्रमांकावर नव्हे, तर आधारशी जोडलेल्या बँकेत जातात. बँकेत केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे हे जोडणं झालं असं नाही. एनपीसीआय म्हणजे यूपीआय चालवणारं राष्ट्रीय देयक महामंडळ; त्याच्या यादीत एका आधारसमोर एकाच बँकेचं नाव असतं, जिथे सगळ्यात शेवटी जोडलं तिचं. शाळेत असताना गणवेशाच्या पैशांसाठी काढलेलं खातं, नंतर कुठल्या तरी ॲपवर दोन मिनिटांत उघडलेलं खातं, आणि कॉलेजच्या फॉर्मवरचं तिसरं, अशी तीन खाती असलेल्या पोराचे पैसे मधल्याच खात्यात जाऊन पडलेले असतात आणि तो ऑफिसशी भांडत असतो. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ नावाची सोय आहे. ओटीपी टाकला की बँकेचं नाव आणि जोडणी चालू आहे की बंद, एवढं दिसतं. खाते क्रमांक दिसत नाही. फॉर्म भरायच्या आधी हे बघणं पाच मिनिटांचं काम आहे.

अज्ञान असताना उघडलेलं खातं अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी करून सज्ञान करून घ्यावं लागतं, नाहीतर व्यवहार अडतात. आणि खातं पूर्वीच्या विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत असेल तर १ मे २०२५ पासून ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. जुन्या पासबुकावरून आयएफएससी उतरवून घेण्याआधी शाखेत जाऊन विचारा.

फॉर्म सबमिट झाल्यावर तो आधी कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनला जातो, तिथून प्रवर्गाप्रमाणे समाजकल्याण, आदिवासी प्रकल्प कार्यालय किंवा संबंधित विभागाकडे. प्रत्येक टप्प्यावर तो परत येऊ शकतो. परत आल्याचा संदेश नोंदवलेल्या मोबाईलवर येतो, आणि तो नंबर बापाचा असतो, ज्यावर तीन महिन्यांपूर्वीच रिचार्ज संपलेला. तेव्हा मेसेजची वाट बघू नका. दर सोमवारी लॉगिन करून स्थिती बघायची. परत आलेला फॉर्म नियोजित दिवसांत पुन्हा पाठवला नाही तर तो बाद होतो, मग कारण कितीही किरकोळ असो. बहुतेक वेळा ते किरकोळच असतं: अस्पष्ट स्कॅन, गॅपचं (शिक्षणात पडलेल्या खंडाचं) प्रमाणपत्र नाही, रेशनकार्डाचं एकच पान जोडलेलं.

उपस्थिती ७५ टक्के हवी. कापूस वेचणीच्या दिवसांत ती घसरते आणि नेमकी तेव्हाच कॉलेजने नोंद भरायची असते. खरी अडचण असेल तर वर्गशिक्षकांना आधी लेखी कळवा. नंतर ‘भरून द्या न सर’ म्हणून गळ घालण्यात अर्थ नाही, कारण सही त्यांची असते.

शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. यांच्या तारखा वेगळ्या, अर्ज वेगळा. महाडीबीटी भरलं म्हणजे हेही भरलं असं होत नाही.

कर्मचाऱ्यांच्या सूचना विद्यार्थ्यांनीही वाचाव्यात

फलकाच्या कोपऱ्यात ‘अमुक दिनांकापासून श्री. अमुक यांच्याकडे प्रभार’ असा कागद लागतो, तो कुणी वाचत नाही. वाचा. कॉलेजची बहुतेक पोर्टल कुणाच्या तरी मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीवर चालतात. तो माणूस निवृत्त झाला किंवा बदलला आणि नंबर बदलायचा राहिला, तर महाडीबीटीचे फॉर्म कॉलेजच्या लॉगिनला नुसते साचून राहतात. निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी असते, आणि ज्याची जन्मतारीख एक तारीख आहे तो आदल्या महिन्याच्या शेवटी निवृत्त होतो. जुन्या काळी शाळेत घालताना गुरुजींनी सर्रास १ जून किंवा १ जुलै लिहिलं, त्यामुळे ३१ मे आणि ३० जूनला ऑफिसं रिकामी होतात. म्हणजे नेमकी प्रवेशाच्या तोंडावर. कॉलेजांनी हे दोन महिने आधी हेरून प्रत्येक पोर्टलचा नंबर, ईमेल आणि प्राचार्यांची डिजिटल सही कुणाकडे जाणार याची यादी करावी. प्राचार्य प्रभारी असतील तर सहीच्या अधिकाराचं पत्र बँकेला, विद्यापीठाला आणि सहसंचालक कार्यालयाला वेगवेगळं द्यावं लागतं.

तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासाप्रमाणे मानधन मिळणाऱ्या प्राध्यापकांचं गणित आणखी वेगळं. ग्रामीण कॉलेजात काही विषय पूर्ण त्यांच्याच जोरावर चालतात. मान्यता, जाहिरात, मुलाखत, नेमणूक होईपर्यंत सत्राचे कितीतरी आठवडे गेलेले असतात. नेमणूक सत्रापुरती असते, तासांना मर्यादा असते, आणि बरेच जण दोन गावांच्या दोन कॉलेजात शिकवतात. म्हणून त्यांचे वार विचारून ठेवा. प्रॅक्टिकलची वही, प्रकल्प, असाइनमेंट यांवरच्या सह्या आणि अंतर्गत गुण सत्र संपायच्या आत उरकून घ्या. नेमणूक संपली की सर त्यांच्या गावी, आणि गुण भरायची तारीख पुढे. गुणपत्रिकेवर अंतर्गत गुणांच्या रकान्यात ‘गैरहजर’ येतं ते पुष्कळदा इथून.

नेट किंवा सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झालेल्यांनी या नेमणुकांची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रात, कॉलेजच्या आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अशी तिन्हीकडे बघावी. मुलाखतीला मूळ कागद, दोन संच झेरॉक्स, आणि राखीव जागा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र सोबत हवं. मुलाखतीच्या दिवशी ‘वैधता प्रक्रियेत आहे’ हे उत्तर फार उपयोगी पडत नाही.

कार्यक्रम

रासेयोचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) विशेष शिबिर सात दिवसांचं, दत्तक गावात, बहुधा हिवाळी परीक्षा आटोपल्यावर. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक शिबिर झालं तरच प्रमाणपत्राचा हक्क. नाव मात्र सत्राच्या सुरुवातीलाच नोंदवावं लागतं; शिबिराच्या आदल्या दिवशी बॅग घेऊन आलेल्याची नोंद धरली जात नाही. तासांची डायरी महिन्याच्या महिन्याला सही करून घ्या, कार्यक्रम अधिकारी बदलले तर नव्यांना जुने तास माहीत नसतात.

युवा महोत्सवात संगीत, नृत्य, वाङ्मय, नाट्य आणि ललित कला असे पाच विभाग असतात. लोकनृत्याला आपल्याकडे रेला आहे, दंडार आहे, कलाकारांची वाण नाही. अडतं ते प्रवेशिकेवर. वयोमर्यादा असते, म्हणून प्रत्येकाच्या जन्मतारखेचा पुरावा आणि चालू वर्षाचं ओळखपत्र लागतं, साथीदारांचंही. गावातला ढोलकीवाला काका कितीही भारी वाजवत असला तरी तो विद्यार्थी नसेल तर साथीला चालेल का, हे नियमावलीत बघून मगच त्याला न्या. राखीव नावं प्रवेशिकेतच टाका, सोंगणीत दोन-तीन जण गळतातच. इथून पुढे राज्य पातळीवर सांस्कृतिकसाठी इंद्रधनुष्य, खेळांसाठी अश्वमेध आणि संशोधनासाठी आविष्कार आहेत. आविष्कारला आपल्याकडची पोरं कमीच जातात, खरं तर वावरातले प्रश्न त्यांच्याइतके जवळून कुणी पाहिलेले नसतात.

निकालानंतर

कायद्यानुसार विद्यापीठाने परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावायचा असतो, कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत. निकाल रात्री लागू शकतो. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत (झेरॉक्स) आणि पुनर्मूल्यांकन यांची मुदत निकाल संकेतस्थळावर जाहीर झाल्यापासून मोजली जाते, गुणपत्रिका कॉलेजात आल्यापासून नाही. गुणपत्रिकेचा गठ्ठा येईपर्यंत ही मुदत कधीच उलटलेली असते. ऑनलाइन निकालाची प्रत काढा आणि तिच्यावर अर्ज करा. शक्य असेल तिथे आधी छायांकित प्रत मागवा, विषयाच्या शिक्षकांना दाखवा, बेरीज आणि न तपासलेले प्रश्न बघा, मगच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. पुनर्मूल्यांकनाचा निकाल पुढच्या परीक्षेच्या फॉर्मआधी लागेलच असं नाही, म्हणून त्या विषयाचा बॅकलॉगचा फॉर्मही भरून ठेवा. पैसे वाया गेले तर गेले, सत्र जायला नको.

शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी एक राहिलं. पदवी प्रमाणपत्र आपोआप घरी येत नाही. दीक्षांत समारंभाआधी विद्यापीठ अर्ज मागवतं, त्यात देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही लिपींत नाव लिहावं लागतं, आणि छापून आल्यावर दुरुस्तीला पुन्हा शुल्क, पुन्हा चक्कर. तोवर नोकरीच्या किंवा बीएडच्या अर्जाला तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र चालतं, ते वेगळ्या अर्जाने मिळतं. दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल तर टीसीबरोबर स्थलांतर प्रमाणपत्रही काढा. नागपूरहून अमरावतीला जातानाही ते लागतं, जिल्हे शेजारी असले तरी.